विहीर एकाची, पाईपलाईन दुसऱ्याच्या रानातून

भावाभावांत वाटणी झाली, विहीर एकाकडे गेली आणि पाईपलाईन दुसऱ्याच्या रानातून राहिली, तर पुढं काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. तालुक्याच्या कोर्टात असले दावे मी वीस वर्षं बघतोय. सुदान आणि दक्षिण सुदानचं तेच झालंय. फक्त पाईप १६०० किलोमीटरचा आहे आणि त्यातून कच्चं तेल वाहतं.

१९७० च्या दशकाच्या शेवटी शेवरॉन या अमेरिकी कंपनीला बेन्तिऊच्या परिसरात तेल सापडलं. १९८४ मध्ये बंडखोरांनी तिचे तीन कामगार मारले, काम थांबलं. पुढे चिनी, मलेशियन, कॅनेडियन कंपन्या आल्या आणि ऑगस्ट १९९९ मध्ये लाल समुद्रावरच्या पोर्ट सुदानहून पहिलं जहाज निघालं. तेलविहिरींच्या आसपासची नुएर आणि डिंका लोकांची गावं मात्र जाळून रिकामी केली जात होती. त्यावरून बोंब झाली तेव्हा कॅनडाच्या टॅलिस्मनने आपला २५ टक्के हिस्सा विकायला काढला. २००३ मध्ये तो घेतला कोणी? आपल्या ओएनजीसी विदेशने. सरकारी कंपनी, म्हणजे तुमचा-माझा पैसा. मी तेव्हा नवखा होतो. देशाला तेल मिळालं, एवढीच चौकट लावली. गावांबद्दल एक ओळ नाही.

९ जुलै २०११ ला वाटणी झाली. सुमारे पाऊण हिस्सा तेल दक्षिणेकडे. पाईप, बंदर उत्तरेकडे. उत्तरेने पिंपामागे ३६ डॉलरपर्यंत मागितले, दक्षिण एखाद्या डॉलरच्या वर जाईना. मग उत्तरेने भाड्यापोटी तेलच वळवून घेतलं. जानेवारी २०१२ मध्ये दक्षिणेने रागाने स्वतःच्याच विहिरी बंद केल्या. सरकारची ९८ टक्के कमाई तेलाची, तरी! एप्रिल २०१३ पर्यंत तिजोरीत खडखडाट.

एप्रिल २०२३ मध्ये उत्तरेतच यादवी पेटली. दक्षिणेचं बहुतेक तेल आता दुसऱ्या, पूर्वेकडच्या पाईपमधून जात होतं. हे तेल मेणचट, गरम ठेवलं नाही की थिजतं. लढाईमुळे पंपिंग स्टेशनला डिझेल पोचेना. फेब्रुवारी २०२४ मध्ये पाईप तुंबला, फुटला. जुबातल्या सरकारी नोकरांचे पगार महिनोन् महिने थकले. त्यांच्या देशात तेल होतंच, जमिनीखाली. ते पुन्हा वाहायला २०२५ उजाडलं.