महालक्ष्म्यांचे वय कसे ठरते: नांदेड-लातूरकडील जुने मुखवटे

नांदेड-लातूर भागात भाद्रपदात घरोघरी बसणाऱ्या महालक्ष्म्या सुट्या भागांच्या बनलेल्या असतात. मुखवटा, हात, धडाच्या जागी पत्र्याची कोठी, साडी, दागिने असा सारा ऐवज अनुराधा नक्षत्रावर जुळवून ज्येष्ठा-कनिष्ठेची जोडी उभी करतात आणि पुढ्यात बाळं मांडतात. ज्येष्ठा नक्षत्रावर पूजा आणि पुरणाचा नैवेद्य होतो. मूळ नक्षत्रावर महालक्ष्म्या हलवल्या की सगळे पुन्हा पेटीत जाते. यातला जो भाग झिजतो किंवा फुटतो तेवढाच बदलण्याची रीत असल्याने एकाच जोडीत तीन-चार पिढ्यांच्या वस्तू सापडतात. म्हणून जोडीचे वय एकदम सांगता येत नाही. प्रत्येक भाग वेगळा पाहावा लागतो.

या परिसराला देवतेच्या लहान प्रतिमांची परंपरा जुनीच आहे. लातूरपासून जवळच असलेल्या तेर येथे सातवाहनकालीन मातीच्या प्रतिमा मिळाल्या असून त्या तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहेत. त्यांतल्या केओलिनच्या प्रतिमा पुढचा आणि मागचा असे दोन साचे वापरून केलेल्या, आतून पोकळ असतात. अशा प्रतिमांचा काळ उत्खननातील थरांवरून ठरतो. घरातल्या मुखवट्याला असा थर नसतो, त्यामुळे घडण, झीज आणि घरातली माहिती यांवरच भिस्त ठेवावी लागते. केवळ मुखाची पूजा करण्याचे मोठे उदाहरणही याच भागात, माहूरला आहे. तिथे रेणुकेचे मुखच पुजले जाते.

पितळी मुखवट्यात पहिली तपासणी आतल्या बाजूची. ठोकीव मुखवट्याचा पत्रा पातळ असतो आणि आत हातोडीचे लहान-लहान ठसे दिसतात. जाडी जागोजागी कमी-जास्त भरते. ओतीव मुखवटा वजनदार, आतून खरबरीत असतो. यंत्राने दाबलेल्या पत्र्याची जाडी सगळीकडे सारखी असते. असा मुखवटा अलीकडचा समजावा, मग तो कितीही काळवंडलेला असो. काळेपणा आणि हिरवट गंज आम्लाने एका दिवसात आणता येतो, खरी झीज मात्र इतक्या सहज आणता येत नाही. दरवर्षी चिंच आणि राख लावून घासलेल्या मुखवट्याचे नाक, हनुवटी आणि भुवयांचे उंचवटे गुळगुळीत होतात. कानामागच्या खोबणीत मात्र कोरीव रेषा ताज्या राहतात आणि तिथे कुंकवाचा घट्ट थर साचतो. नथीचे भोक खालच्या अंगाला ओढले गेलेले असते. उंच-सखल भाग सारखेच झिजलेले दिसले, तर संशय घ्यावा.

चेहऱ्याची ठेवणही काही सांगते, पण तिच्या एकटीवर विसंबू नये. राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि लक्ष्मीचा गोरा, लांबट, माणसासारखा चेहरा घरोघरी टांगला गेला. हैदराबाद-मनमाड रेल्वेमार्ग 1900 च्या सुमारास नांदेडवरून गेला, बार्शी लाइट रेल्वे 1911 मध्ये लातूरला पोचली, आणि मुंबईचा माल इथे येणे सोपे झाले. त्या चित्रांची छाप असलेला मुखवटा 1894 पूर्वीचा असण्याची शक्यता फार कमी. उलट मोठ्या, पसरट डोळ्यांचा मुखवटा जुनाच असेल असे नाही, कारण कारागीर जुना साचा पिढ्यान्‌पिढ्या वापरत राहतात. देवघरातल्या टाकांबाबत हे जास्तच खरे आहे. एका ठशावर खंडोबाचे कित्येक टाक निघतात आणि ठसा झिजेपर्यंत चित्र तेच राहते.

मातीच्या मुखवट्याचा कस लागतो तो रंगाच्या थरांत. वरचा थर शेवटच्या रंगकामाचा असतो. मानेजवळ किंवा कानाच्या कडेला पोपडा निघाला असेल तिथे खालचे थर मोजता येतात. टायटॅनियमचा पांढरा रंग 1920 च्या सुमारास बाजारात आला, म्हणून तो सर्वांत खालच्या थरात आढळला तर मुखवटा त्यानंतरचा. मुखवटा शाडूचा की प्लास्टर ऑफ पॅरिसचा, हे आतल्या न रंगवलेल्या भागावरून कळते: शाडू करडा आणि जड, प्लास्टर पांढरे आणि हलके.

कोठी बहुधा सर्वांत तरुण भाग. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून केलेल्या कोठीवर कधी कधी छापाचे अवशेष राहतात. गळ्यातल्या माळेत निजामाचे हाली रुपये ओवलेले असतील, तर त्यांवरचे हिजरी वर्ष वाचावे. चारमिनारचे चित्र या नाण्यांवर हिजरी 1321, म्हणजे इसवी सन 1903-04 पासून येते. माळ नाण्यावरच्या वर्षाआधी ओवलेली नाही, एवढेच त्यावरून कळते; मुखवट्याचे वय नाही. पूजेच्या भांड्यांवर कोरलेले साल शके असेल तर 78, फसली, म्हणजे महसुली, असेल तर साधारण 590 मिळवावे. हा भाग 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने फसली साल इथे अनपेक्षित नाही.

घरातली आठवण हा खरा मोलाचा पुरावा आहे आणि तो आधी टिपून घ्यायला हवा. भाऊ वेगळे निघाले तेव्हा जुनी जोडी कोणाकडे राहिली आणि नवी कधी घेतली, हे घरातल्या वडीलधाऱ्या बायका नेमके सांगतात. किल्लारी परिसरात 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाने दगडमातीची घरे कोसळली. तिथल्या पुनर्वसित गावात मातीचा जुना मुखवटा दाखवला गेला, तर तो कसा वाचला किंवा कुठून आला हे विचारलेच पाहिजे.

1972 च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार किमान 100 वर्षे जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे एकाच महालक्ष्मीचा मुखवटा या व्याख्येत बसू शकतो, आणि त्याखालची कोठी बसत नाही.