पासष्ट वर्षे टिकलेली आठवण

गोवर एकदा होऊन गेला की पुन्हा होत नाही, हे घरातल्या आजीलाही ठाऊक असते. पण हे संरक्षण किती वर्षे टिकते? जिथे गोवराची साथ वरचेवर येते, तिथे हे सांगणे अवघड. प्रत्येक साथीत शरीराची जुन्या रोगाशी पुन्हा गाठ पडते आणि उजळणी होते. मग संरक्षण पहिल्या आजाराचे की उजळणीचे, हे कसे ओळखणार?

याचा उलगडा झाला उत्तर अटलांटिक महासागरातल्या फेरो बेटांवर. डेन्मार्कच्या राज्यातील या बेटांवर १७८१ साली गोवराची साथ आली होती. त्यानंतर ६५ वर्षे गोवर तिकडे फिरकलाच नाही. मग १८४६ च्या मार्चमध्ये कोपनहेगनहून एक सुतार आला आणि त्याच्याबरोबर गोवरही. सुमारे ७,८०० लोकवस्तीपैकी ६,००० हून अधिक लोक काही महिन्यांतच आजारी पडले.

सरकारने पाठवलेल्या दोन डॉक्टरांपैकी एक होता पीटर लुडविग पानुम, जेमतेम पंचविशीचा. गोवरावर औषध नव्हते. पानुम गावोगाव हिंडला आणि प्रश्न विचारत राहिला. रोग्याशी संबंध कधी आला? पुरळ कधी उठले? या तारखा जुळवून त्याने दाखवले, की संसर्गानंतर तेरा-चौदा दिवसांनी पुरळ उठते.

त्याहून मोलाचे उत्तर म्हाताऱ्यांकडून मिळाले. १७८१ मध्ये गोवर झालेल्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. असे ९८ वृद्ध पानुमने स्वतः पाहिले. उलट, लहानपणी गोवरातून सुटलेले वृद्ध मात्र आता संसर्ग होताच आजारी पडले. म्हणजे संरक्षण वयाचे नव्हते, जुन्या आजाराचे होते. आणि तेही मधल्या उजळणीशिवाय टिकले होते.

पानुमला विषाणू माहीत नव्हता, लसिकापेशीही नव्हत्या. आज आपण त्याच्या निरीक्षणाचे कारण सांगू शकतो. विषाणू प्रथम शरीरात शिरतो, तेव्हा त्याला नेमक्या ओळखणाऱ्या लसिकापेशी फार थोड्या असतात. त्या विभागून वाढायला काही दिवस लागतात. काही पेशी प्रतिपिंडे तयार करतात, काही विषाणूग्रस्त पेशींना मारतात. आजार बरा झाल्यावर यांतल्या बहुतेक मरतात. थोड्या 'स्मृतिपेशी' म्हणून उरतात. प्रतिपिंडे बनवणाऱ्या काही पेशीही अस्थिमज्जेत वर्षानुवर्षे तग धरतात. त्यामुळे विषाणू पुन्हा आला, तर तो पसरण्याआधीच त्याला अडवता येते.

मग मुलांना गोवर होऊ द्यावा, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर २०१९ साली मिळाले. लस न घेतलेल्या मुलांचे रक्त गोवरापूर्वी आणि नंतर तपासले, तेव्हा इतर रोगांविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या साठ्यातला ११ ते ७३ टक्के भाग नाहीसा झालेला आढळला. गोवराचा विषाणू स्मृतिपेशींनाच गाठतो. स्वतःची आठवण मागे ठेवतो, पण इतर रोगांच्या आठवणी पुसतो. लसीने गोवराची आठवण मिळते, बाकीच्या शाबूत राहतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली, तेव्हा लस चुकलेली मुले या दोन्ही धोक्यांना सामोरी गेली.

वर्गात हा धडा घेताना पानुमचे निष्कर्ष आधी सांगू नयेत. साठ वर्षांपूर्वीची साथ, नवी साथ आणि गावातले म्हातारे एवढेच मुलांपुढे ठेवावे, आणि विचारावे: तुम्ही कोणाला काय विचाराल?