रीटफेल्ट–श्रोडर घर

नेदर्लंड्समधील उट्रेख्त शहरातील जागतिक वारसा वास्तू. बांधकाम १९२४. वास्तुशिल्पज्ञ गेरिट रीटफेल्ट (१८८८–१९६४) आणि घरमालकीण ट्रुस श्रोडर (१८८९–१९८५) यांनी मिळून तिचा आराखडा केला. गरजेप्रमाणे रूप बदलणाऱ्या घराचे हे आधुनिक यूरोपीय वास्तुकलेतील ठळक उदाहरण होय.

पार्श्वभूमी : रीटफेल्ट मूळचे सुतार. १९१७ मध्ये त्यांनी स्वतःचा फर्निचरचा कारखाना काढला. त्यांची ‘लाल-निळी खुर्ची’ विख्यात आहे. ‘डे स्टाइल’ या कलाचळवळीत त्यांचा सहभाग होता. १९२३ मध्ये पतीचे निधन झाल्यावर श्रोडरबाईंनी तीन मुलांसाठी नवे घर बांधायला घेतले. मुलांनी मोठ्यांच्या सहवासात, त्यांच्या गप्पा ऐकत वाढावे, अशी त्यांची इच्छा होती. घराची मांडणी याच इच्छेतून ठरली.

रचना : तळमजल्यावर पक्क्या भिंतींच्या खोल्या आहेत. वरचा मजला मात्र मोकळा असून बांधकाम नियमांच्या अडचणीमुळे नकाशात तो पोटमाळा म्हणून दाखवला होता. जिन्याभोवतीच्या या एकाच दालनात सरकत्या व घडीच्या भिंती आहेत. दिवसा त्या बाजूला सारल्या की सगळी जागा बसण्या-खेळण्यासाठी मोकळी होते. रात्री ओढून घेतल्या की मुलाची खोली, मुलींची खोली आणि बैठक वेगळ्या होतात. मुलांचे पलंग दिवसा बैठकीसाठी वापरले जात. स्वयंपाकघर खाली असल्याने अन्न वर पोहोचवण्यासाठी वर-खाली जाणारा छोटा पाळणा बसवला आहे. जेवणाच्या जागेजवळच्या खिडकीच्या कोपऱ्यात खांब नाही. दोन्ही तावदाने उघडली की तिथे कोपराच उरत नाही.

बांधकाम काँक्रीटचे वाटले, तरी भिंती गिलावा केलेल्या विटांच्या आहेत. काँक्रीट मुख्यतः पाया आणि सज्जांपुरते आहे. पांढऱ्या-करड्या पृष्ठभागांवर लाल, निळा, पिवळा व काळा हे रंग वापरले आहेत.

वापर आणि जतन : तळमजल्यावरील एका खोलीत रीटफेल्ट यांनी काही वर्षे आपले कार्यालय थाटले होते. धाकटी मुलगी हान पुढे वास्तुशिल्पज्ञ झाली. श्रोडरबाई अखेरपर्यंत, म्हणजे सुमारे साठ वर्षे, येथेच राहिल्या. पुढे वास्तुशिल्पज्ञ बेर्टस मुल्डर यांच्या देखरेखीखाली घराचा जीर्णोद्धार झाला.

मूल्यमापन : या घराची लवचीकता रोजच्या श्रमावर चालत असे, सकाळ-संध्याकाळ कोणाला तरी भिंती सरकवाव्याच लागत. ओढलेल्या भिंतींआडून आवाज ऐकू येई आणि एकांत पूर्ण मिळत नसे. तरीही रचना टिकली, कारण ती घरातल्या माणसांच्या दिनक्रमावरून आखली होती आणि राहणारी व्यक्ती पहिल्या रेषेपासून आराखड्यात सामील होती. शाळा, वसतिगृहे व लहान घरांसाठी बदलते फर्निचर आखणाऱ्यांनी या घरापासून घ्यावा असा हाच मुख्य धडा आहे. २००० मध्ये यूनेस्कोने या घराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. सध्या ते संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुले आहे.