लाहोरचे श्रोते, मुंबईचे श्रोते

एका वस्तीत मी जातिव्यवस्थेवर पाऊण तास बोललो. सभा संपल्यावर एक आजी म्हणाली, "लेकरा, बोललास चांगलं, पण सांगत कोणाला होतास?" उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते शोधताना मी मे १९३६ पर्यंत मागे गेलो.

त्या महिन्यात बाबासाहेबांची दोन भाषणे तयार होती. पहिले लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी, इंग्रजीत. समोर बसणार होते ते सुधारक सवर्ण हिंदू. सहभोजन आणि मिश्रविवाहाने जात मोडेल, असे मानणारे. म्हणून बाबासाहेब त्यांच्याशी रोमच्या आणि आयर्लंडच्या इतिहासातून बोलतात, आणि शेवटी त्यांच्याच शास्त्रांपाशी आणून त्यांना उभे करतात: शास्त्रांचे पावित्र्य मोडल्याशिवाय जात मोडणार नाही. मंडळाला काही भाग वगळून हवा होता. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलला नाही. परिषद रद्द झाली. भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले.

दुसरे भाषण ३१ मे रोजी मुंबई इलाखा महार परिषदेत, मराठीत झाले. 'मुक्ती कोन पथे?' या नावाने ते आपण ओळखतो. येथे रोम नाही, आयर्लंड नाही. येथे आहे रोजचा अनुभव: चांगले कपडे घातले, तांब्या-पितळेची भांडी वापरली, वरात घोड्यावरून काढली, म्हणून खाल्लेला मार. मनुष्यबळ, द्रव्यबळ, मानसिक बळ या तीन बळांचा हिशेब त्यांनी आपल्या माणसांपुढे मांडला. प्रवासाआधी नावाड्याला तयारी करावी लागते, आणि किती जण येणार हे कळल्याशिवाय ती करता येत नाही, असेही सांगितले. म्हणजे श्रोत्यांना ते नुसते सांगत नव्हते, विचारतही होते.

दोन्ही ठिकाणी दाखले बदलले, भाषा बदलली. निष्कर्ष बदलला नाही. लाहोरच्यांना दुखेल म्हणून तो सौम्य झाला नाही. मुंबईकर अशिक्षित असतील म्हणून तो उथळ झाला नाही.

आपण कार्यकर्ते नेमके उलटे करतो. वस्तीत पुस्तकी शब्द फेकतो आणि सवर्णांच्या व्यासपीठावर धार बोथट करतो. श्रोता ओळखणे म्हणजे त्याला खूश करणे नव्हे. त्याच्या जगण्यातून सत्यापर्यंत वाट काढणे होय. पुढच्या सभेला जाताना टिपणांच्या माथ्यावर मी आजीचा प्रश्न लिहून नेणार आहे.