लसूण : हातातून हातात आलेले बियाणे



भात कापून झाले, मळणी उरकली, की परड्यात लसणीचे एक-दोन वाफे लावता येतात. लावण्याआधी या पिकाची जुनी हकीगत ऐका. तिच्यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे.

लसणीचे माहेर मध्य आशियातले. तिथल्या रानटी लसणीला मधोमध टणक दांडा येतो, फूल येते, बीही धरते. माणसाने ती घराजवळ आणली, चांगले गड्डे निवडून पुन्हा पुन्हा लावले आणि हळूहळू तिची फुलायची सवय मोडली. आपल्याकडची मऊ मानेची लसूण ही त्यातलीच. तिला बी धरत नाही. आज लावलेली पाकळी म्हणजे गेल्या साली निवडलेल्या गड्ड्याचाच तुकडा. मधे एकदा जरी बियाणे राखले नाही, तर तो घरचा वाण संपला.

अशी ही लसूण फार लांब पोचली. इजिप्तमध्ये १९२२ साली तुतनखामेन राजाची थडगी उघडली, तेव्हा आत तीन हजार वर्षांपूर्वीचे लसणीचे गड्डे मिळाले. १८९० साली मध्य आशियातल्या कुचा गावाजवळ बॉवर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला भूर्जपत्रावरची संस्कृत पोथी मिळाली. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या पोथीच्या पहिल्या भागाची सुरुवात लसणीच्या गुणांनीच होते. घरादारावर लसणीच्या माळा लावाव्यात, असेही त्यात सांगितले आहे.

आपल्या राज्यात राहुरीच्या कृषि विद्यापीठाने गोदावरी, श्वेता, फुले बसवंत हे वाण दिले. कांदा-लसणीसाठी १९९४ साली राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले. ते १९९८ पासून राजगुरुनगरला आहे. तिथून भीमा ओंकार, भीमा पर्पल हे वाण आले.

पण वाण कोणताही आणा, पुढची निवड आपल्याच हातात. होते काय, की मोठे गड्डे खाण्यात जातात आणि उरल्यासुरल्या बारीक पाकळ्या वाफ्यात. मग दर साली गड्डा लहान होत जातो. म्हणून काढणीलाच मोठे, निरोगी गड्डे बियाण्यासाठी वेगळे काढा. थंड डोंगराळ मुलखातली जाड पाकळ्यांची लसूण मात्र लावू नका. तिला लांब दिवस आणि कडक थंडी लागते. इथे नुसती पात वाढेल.

तोंडवलीसारख्या गावी एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी, मधे रेताड जमीन. थंडी बेताची, म्हणून गड्डा घाटावरच्याएवढा व्हायचा नाही. तरी घरापुरती लसूण होते. भरपूर कुजलेले शेणखत घाला. नोव्हेंबरात पाकळ्या टोक वर ठेवून, चार बोटांवर लावा. पाणी थोडे पण वरचेवर द्या. विहीर खारट असेल तर हा नाद नको.

पात पिवळी पडू लागली की पाणी तोडा. माना पडल्या की पातीसकट उपटा आणि सावलीत सुकवा. अलिबागकडे पांढऱ्या कांद्याच्या वेण्या घालतात, तशा लसणीच्याही घालता येतात. मऊ मानेचा हाच फायदा. आपल्याकडे खरी परीक्षा पावसाळ्याची. ओल लागली की गड्डा कुजतो. म्हणून आगोटीआधी वेण्या चुलीच्या वर टांगा; चूल नसेल तर वारा खेळेल अशा कोरड्या जागी. त्यातली बियाण्याची वेणी वेगळी ठेवा आणि काही झाले तरी ती फोडणीला काढू नका.