रँड-वधाच्या तपासाचें मोल

ता. २२ जून १८९७ च्या रात्रीं पुण्यास गणेशखिंडीच्या रस्त्यावर पिस्तुलाचे बार उडाले. लेफ्टनंट आयर्स्ट जागींच ठार झाले. प्लेग-अधिकारी रँड पुढें ३ जुलैस वारले. खुन्यांचा शोध घेणें हा सरकारचा धर्मच. परंतु त्या तपासाचें जाळें कोठवर पसरलें तें पाहा. २०,००० रुपयांचें इनाम लागलें. शहरावर जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च नागरिकांच्या माथीं मारला. नातूबंधूंस १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनान्वयें खटल्यावांचून अटकेंत ठेविलें. टिळकांस ‘केसरी’तील लेखनाबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाली. १८९८ त राजद्रोहाचें कलमहि अधिक व्यापक केलें. दामोदर चाफेकरांचा माग मात्र लागला तो द्रवीडबंधूंच्या खबरेनें. गुन्हेगार मोजके होते; तपासाची पट्टी भरली ती सार्‍या पुण्यानें.