जमीन सगळ्यांची, मग कागद कुणी वाचायचा?



आपल्यातल्या कितीतरी जणी शेत बटाईनं किंवा ठोक्यानं देतात. देताना आपण काय विचारतो? किती वर्षांसाठी, किती पैसे, विहिरीचं पाणी कोण घेणार, बांधावरची झाडं कोणाची, आणि मुदत संपली की शेत परत कसं मिळणार. हे ठरल्याशिवाय आपण कोणाला वखर लावू देत नाही. पण सगळ्यांची जमीन कारखान्याला दिली जाते, तेव्हा हे प्रश्न कोण विचारतं? आज आम्ही त्याचाच इतिहास सांगणार आहोत.

आपल्या भुसावळपासून सुरुवात करू. १८६० च्या दशकात इथं रेल्वे आली. इथून एक मार्ग नागपूरकडे गेला, दुसरा खंडव्यावरून जबलपूरकडे. लहान गावाचं मोठं जंक्शन झालं. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये भुसावळची आयुध निर्माणी आली, १९६४ मध्ये वरणगावची. त्याच दशकात दीपनगरचं वीज केंद्र सुरू झालं. हातांना काम मिळालं, वसाहती वसल्या. पण या कामांना गेलेली जमीन पुन्हा गावाकडे येईल, असा विषयच नव्हता.

मग दुसरी पद्धत आली. महाराष्ट्रानं १९६१ मध्ये औद्योगिक विकासाचा कायदा केला आणि १ ऑगस्ट १९६२ रोजी औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली. शेतकऱ्यांची जमीन संपादित करायची, तिथं रस्ते, पाणी, वीज आणायची, प्लॉट पाडायचे आणि उद्योजकांना द्यायचे, अशी ही रीत. जळगावला, भुसावळला एमआयडीसी आहेच. ‘त्यानं एमआयडीसीत प्लॉट विकत घेतला,’ असं आपण सहज बोलतो. पण तो प्लॉट विकलेला नसतो. तो भाडेपट्ट्यानं दिलेला असतो, साधारणपणे ९५ वर्षांसाठी. जमिनीचं मालक महामंडळच राहतं.

९५ वर्षं म्हणजे किती? आज पाळण्यात असलेली मुलगी पणजी होईल, तेव्हा तो कागद संपेल.

या कागदाला अटी असतात. ठरलेल्या मुदतीत बांधकाम करून उद्योग सुरू करायचा. प्लॉट दुसऱ्याला द्यायचा तर परवानगी घ्यायची, शुल्क भरायचं. अट मोडली तर महामंडळ प्लॉट परत घेऊ शकतं. या अटींवर कोणी लक्षच ठेवलं नाही तर? शेत तर गेलेलं असतं, कारखाना आलेला नसतो, आणि प्लॉटवर काटेरी बाभळी वाढतात. ज्या घरानं जमीन दिली, त्याच घरातली पोरं कामासाठी पुण्याला, सुरतेला जातात.

आता ग्रामपंचायत आणि नगरपालिका यांच्या स्वतःच्या जागांचं पाहू. ग्रामपंचायतींचा कायदा १९५८ चा, नगरपरिषदांचा १९६५ चा. दोन्ही कायदे सर्वसाधारणपणे एकच गोष्ट सांगतात. जागा तीन वर्षांपर्यंत भाडेपट्ट्यानं देता येते. त्यापुढे द्यायची तर वरची मंजुरी लागते. ग्रामपंचायतीच्या बाबतीत ती जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची. आम्हाला यातला अर्थ असा दिसतो: आज निवडून आलेल्यांनी उद्याच्या लोकांचे हात बांधून ठेवू नयेत.

मुदत संपते तेव्हा काय होतं, हे जळगावनं पाहिलं आहे. तिथं कारखाने नव्हते, महापालिकेच्या व्यापारी संकुलांतली दुकानं होती. पण जागा लोकांचीच. मोठ्या संख्येनं गाळ्यांच्या कराराची मुदत २०१२ मध्ये संपली. जुन्याच गाळेधारकांना द्यायचे की लिलाव करायचा, भाडं कोणत्या दरानं घ्यायचं, यावरून वाद पेटला. तो वर्षानुवर्षं चालला, उच्च न्यायालयापर्यंत गेला. दुकानदाराला झोप नाही आणि महापालिकेचे पैसे अडकलेले. आपला बचत गट कर्ज देतानाच परतफेडीची तारीख वहीत लिहितो. पट्ट्याच्या शेवटच्या तारखेचा विचारही असाच पहिल्या दिवशी व्हायला हवा.

मैत्रिणींनो, हा विषय आता आपल्या दाराशी आला आहे. सौर प्रकल्पांसाठी गावोगावच्या पडीक सरकारी जमिनी भाडेपट्ट्यानं दिल्या जात आहेत. सूर्याची वीज चांगलीच आहे. आपण प्रकल्पाला आडवं जायचं असं आमचं म्हणणं नाही. पण त्याच पडिकावर कोणाच्या शेळ्या चरतात, कोण सरपण आणतं, हे बाईइतकं कोणाला ठाऊक? ठराव होण्याआधी ते बोललं गेलं, तर जागा बदलता येते, वाट राखून ठेवता येते. सही झाल्यावर हातात फक्त तक्रार उरते.

बोलायला जागा आहे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, असं कायदा सांगतो. २०११ पासून पंचायतीच्या निम्म्या जागा बायांच्या आहेत. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. दहा रुपयांच्या अर्जावर भाडेपट्ट्याची प्रत मागता येते, आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

मग विचारायचं काय? वहीत लिहून घ्या. एक, सातबाऱ्यावर मालक कोण आहे? दोन, पट्टा किती वर्षांचा आणि भाडं किती? तीन, ते भाडं आणि कर कोणाच्या खात्यात जमा होतो? चार, काम कधीपर्यंत सुरू करायचं, आणि नाही केलं तर जमीन कोण परत घेणार? पाच, आपल्या गावातल्या किती जणांना काम मिळणार, हे कागदावर आहे की फक्त भाषणात?

पुढच्या महिला सभेला जाताना ही वही सोबत घ्या. गटातली जी चांगलं वाचते, तिला पुढे बसवा. आणि उत्तरं मिळाली की ती सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. इतिवृत्तात आलेलं पाच वर्षांनी दाखवता येतं, तोंडी बोललेलं दाखवता येत नाही.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.